मतदानापुरता रॅम्प

२० नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानादिवशी, मी इथे एक फोटो टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केला, काहींनी शेअर केला. आमच्या भागातली एक शाळा, दाराशी लाकडी फळ्यांचा रॅम्प, त्यावर हिरवं कार्पेट आणि व्हीलचेअरवर बसलेला माझा मित्र, शाईचं बोट वर करून. खाली मी लिहिलं होतं, 'लोकशाहीचा खरा उत्सव'.

त्या फोटोनंतर काय झालं ते आज लिहितोय. लांबेल, पण वेळ काढून वाचा.

मित्राचं नाव देत नाही. तोच म्हणाला, "नको, उद्या कुणी म्हणेल पेपरवाल्याला सांगून आमची बदनामी केली." वय माझ्याएवढंच, पंचेचाळिशीच्या आसपास. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वाडीतल्या विहिरीवरचा पंप जळला की आजूबाजूच्या चार गावांतले लोक त्याच्याकडेच येतात. घरात कुबड्या, बाहेर साइड व्हीलची स्कूटर. कुणाच्या दयेवर जगणारा माणूस नाही. उलट माझ्याकडेच त्याची दीड हजाराची उधारी आहे, हेही या निमित्ताने कबूल करून टाकतो.

निवडणूक आयोगाने या वर्षी लोकसभेला आणि विधानसभेला ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय दिली होती. अर्ज भरला की कर्मचारी घरी येतात. त्याने तो भरला नाही. "वर्षभर घरी आणि दुकानातच असतो. एक दिवस तरी लोकांत जाऊन मत देतो," म्हणाला. केंद्रावर त्याच्यासाठी व्हीलचेअर होती, ढकलायला एनएसएसचा मुलगा होता. दोन मिनिटांत मत देऊन बाहेर. खूश होता. म्हणूनच तो फोटो.

आठेक दिवसांनी तो ग्रामपंचायतीत गेला. दिव्यांगांच्या पाच टक्के निधीचा अर्ज द्यायचा होता. शाळेपासून ग्रामपंचायत चालत तीन मिनिटांवर. दारात चार पायऱ्या. रॅम्प नाही, धरायला कठडा नाही. स्कूटरवर बसून हॉर्न वाजवला, तर शिपाई बाहेर आला. म्हणाला, "कागद द्या माझ्याकडे, आत देतो." हा म्हणाला, "मला पोच पाहिजे, सही-शिक्क्याची. मागच्या वर्षीचा अर्ज असाच आत दिला होता, तो सापडलाच नाही." शिपायाने दोन पोरांना हाक मारली, उचलून न्यायला. हा नको म्हणाला. कुबड्या बाजूला ठेवल्या, पायरीवर बसला आणि हातांवर जोर देत एकेक पायरी मागे सरकत वर गेला. पंचायतीसमोर रिक्षा स्टँड आहे. दुपारची वेळ होती, सगळे बघत होते.

आत ग्रामसेवक उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस चांगला आहे. म्हणाले, "कशाला एवढा त्रास घेतलात, फोन करायचा ना!"

संध्याकाळी त्याचा मला फोन. "काय रे, तुझा तो उत्सव संपला का?"

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन आलो. फळ्या नव्हत्या. मंडपवाल्याच्या होत्या, मतदान संपल्यावर रात्रीच टेम्पो येऊन घेऊन गेला.

आता यावर "सरकार काही करत नाही" असं लिहून मोकळं होता येईल. पण तसं नाहीये. सरकारने कायदा केलाय आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात बरे झालेले कुष्ठरुग्ण आहेत, ॲसिड हल्ल्यात भाजलेले आहेत, सिकलसेल आणि थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन्स आहे, स्वमग्न मुलं आहेत, मानसिक आजार आहे. या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की, नियम निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सगळ्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या. नियम निघाले १५ जून २०१७ ला. म्हणजे मुदत संपली जून २०२२ मध्ये. आज डिसेंबर २०२४ आहे. आमच्या त्या चार पायऱ्या अडीच वर्षं कायदा मोडून उभ्या आहेत, आणि त्यांच्यावर रोज सरकारी कामकाज चढतंय-उतरतंय.

बरं, हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. राजीव रातुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी याच विषयावर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. २०१७ मध्ये कोर्टाने सरकारांना निर्देश दिले. पुढे फारसं हललं नाही, म्हणून गेल्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पुन्हा निकाल दिला. त्यात म्हटलं की, सुगमतेबद्दलचा जो नियम १५ आहे तो कायद्याशीच विसंगत आहे. कायदा म्हणतो 'केलंच पाहिजे' आणि नियमाची भाषा 'करावे, जमेल तसं' अशी. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असं केंद्राला सांगितलंय. याचिका घातली तेव्हा मी जर्नलिझमचा डिप्लोमा करून नुकताच तालुका वार्ताहर झालो होतो. आता केस पिकलेत.

आता माझ्याबद्दल.

मी वीस वर्षं ३ डिसेंबरची बातमी करतोय. जागतिक दिव्यांग दिन. साचा पाठ आहे. 'दिव्यांग बांधवांना साहित्याचे वाटप', पाहुण्यांची नावं पदाच्या उतरत्या क्रमाने, चौकटीत फोटो. काही वर्षांपूर्वी असाच एक कार्यक्रम एका सभागृहात होता. स्टेजला पाच पायऱ्या. पाहुणे वर, 'लाभार्थी' खाली. नाव पुकारलं की दोन कार्यकर्ते त्या माणसाला उचलून स्टेजवर न्यायचे, तिथे नव्या व्हीलचेअरवर बसवायचे, फोटो काढायचा, मग माणसाला वेगळं आणि खुर्चीला वेगळं उचलून खाली. असं सतरा-अठरा वेळा झालं. एका म्हाताऱ्या आजोबांचं धोतर सुटलं त्या ओढाताणीत. मी समोर कॅमेरा घेऊन उभा होतो. तो फोटो मी काढला नाही, एवढंच. बातमी मात्र नेहमीचीच दिली. पाहुण्यांनी चार पावलं खाली उतरायला काय हरकत होती, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. खोटं कशाला सांगू, आत्ता हे लिहिताना सुचला.

आमचे शब्दही तपासायला हवेत. 'पोलिओग्रस्त', 'व्याधीने पीडित', 'अपंगत्वावर मात करून'. जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने एका सिनेमाच्या प्रकरणात अशाच भाषेबद्दल फटकारलं. दोष माणसात नाही, आजूबाजूच्या व्यवस्थेतल्या अडथळ्यांत आहे, हे भाषेतून पुसलं जातं, असा मुद्दा होता. आम्ही अपंगचं दिव्यांग केलं. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, आणि त्याचं कौतुक मीही लिहिलं होतं. पण पायरीला काय, तुम्ही तिच्यासमोर अपंग म्हणा नाहीतर दिव्यांग.

प्रेरणेच्या गोष्टींचंही तसंच. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' माझ्या पिढीतल्या अनेकांनी वाचलंय. ऐन तारुण्यात पाय गेले आणि तरी केवढी जिद्द, असं म्हणत डोळे पुसून आपण पुस्तक मिटलं. त्या बाईंनी १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. वसतिगृह, शाळा, व्हीलचेअर जाईल अशा इमारती, रोजगार. जिद्दीपेक्षा हे काम मोठं होतं, ते आपण विसरलो.

एक चांगली गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार नुसता रडतो.

आमच्या मासळी बाजारात एक कोळीण बसते. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पण तिच्याकडे गिऱ्हाईक तुटत नाही. बोटांवर भाव सांगते. सुरमईचा तुकडा किती जाड पाहिजे ते तुम्ही बोटांनी दाखवायचं. महाग वाटलं तर तुम्ही कपाळाला हात लावायचा, तिने तोंड फिरवायचं, मग दोघांनी हसायचं, आणि एक बांगडा वर टाकून सौदा पूर्ण. मुंबईचे पर्यटकसुद्धा पाच मिनिटांत शिकतात. कुणी शिबिर घेतलं नाही, कुणी उद्घाटन केलं नाही. बाजाराला तिच्याशी धंदा करायचा होता, म्हणून बाजाराने तिची भाषा शिकून घेतली.

तीच बाई बँकेत गेली की अडते. टोकन घेऊन बसते, नंबर तोंडी पुकारतात, तो निघून जातो. तिची सून बरोबर नसेल तर परत घरी. एक नंबर दाखवणारा दिवा लावायचा प्रश्न आहे. आणि हो, बाजारात तिला सगळे 'मुकी' म्हणतात. मीही म्हणायचो. 'मुकीकडनं पापलेट आण'. घरात आम्ही सर्रास असंच बोलत होतो. तिचं खरं नाव मला गेल्या वर्षी कळलं, ते पण एका यादीत तिचा फोटो बघून. सुंदर नाव आहे. वीस वर्षं मासे घेतले मी तिच्याकडून.

आता थोडं कामाचं. म्हणजे उद्या कुणी रॅम्प बांधायला घेतला तर काय बघायचं.

आपल्याकडे रॅम्प बांधतात तेव्हा पायऱ्यांच्या एका कडेला उतरती फरशी ओततात. वर गुळगुळीत टाइल. पावसाळ्यात धडधाकट माणूस त्यावरून घसरतो, व्हीलचेअरचं सोडा. मग त्यावर कुंड्या ठेवतात, नाहीतर बुलेट चढवायला वापरतात. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांमध्ये उताराचं माप दिलेलं आहे, एकास बारा. सोपं करून सांगायचं तर पायऱ्यांची उंची जेवढे इंच, तेवढे फूट रॅम्पची लांबी. मी टेप घेऊन गेलो होतो. आमच्या पंचायतीच्या चार पायऱ्या मिळून २६ इंच. म्हणजे २६ फूट रॅम्प, मध्ये थोडी सपाट जागा, दोन्ही बाजूंना धरायला पाइप, खरबरीत पृष्ठभाग. समोर मोकळं अंगण आहे, जिथे सध्या मोटारसायकली लागतात. गवंड्याला विचारलं, तो म्हणाला, "तीन-चार दिवसांचं काम आहे, भाऊ. पण पंचायतीचं टेंडर असलं तर सांगता येत नाही."

पैशांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले, फार्महाउस, रिसॉर्ट झालेत, बऱ्याच पंचायतींची घरपट्टी चांगली आहे. समजा स्वतःचं उत्पन्न २० लाख असेल, तर हे झाले एक लाख. बऱ्याच ठिकाणी हे पैसे मार्चअखेरीस आठवतात आणि डोकी मोजून सारखे वाटून टाकतात. माझ्या मते रॅम्पचा खर्च या निधीतून करूच नये. हा पैसा कुबड्या, श्रवणयंत्र, उपचार, धंद्याची अवजारं यासाठी, त्या माणसांना विचारून खर्च व्हावा. रॅम्प हा इमारतीचाच भाग आहे. दरवाजा बसवताना आपण तो कुणाच्या कल्याण निधीतून बसवत नाही ना?

एसटीबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगली आहे, पण पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे. कंडक्टर हात देतात, बहुतेक जण मनापासून देतात. तरी माझा मित्र अलिबागला जायचं झालं तर एसटीने जात नाही. म्हणजे सवलत असूनही पूर्ण पैसे देऊन रिक्षा. आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमाणपत्रासाठी यायचं म्हटलं, तर हातीपायी धड माणसाचाही दिवस मोडतो.

मांडव्याचं मात्र आठवतं. मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. मोटारी थेट बोटीत जाव्यात म्हणून सपाट मार्ग केला. पुढे माझ्या मित्राने मुंबईला दवाखान्यात जाताना तीच बोट धरली, गाडीत बसूनच आत गेला. त्याआधी गेटवेच्या लाँचमध्ये चढताना हलत्या बोटीत खलाशांनी त्याला अक्षरशः झेलला होता. मोटारींसाठी केलेली सोय माणसाला चालली. म्हणजे जमतं सगळं, फक्त कुणासाठी करायचं हे आधी ठरावं लागतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ मध्ये व्हीलचेअर पाण्याजवळ नेता येईल असा मार्ग झाला. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट भरला. आपल्याकडे शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते किनाऱ्यावर, घोडागाडीपासून पॅरासेलिंगपर्यंत सगळं आहे. व्हीलचेअर वाळूपर्यंत जाईल असं एक ठिकाण कुठे असेल, तर कमेंटमध्ये नाव टाका, मी स्वतः जाऊन बातमी करतो.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. आपल्यापैकी कुणीही तो दिवस विसरणार नाही. आदल्या रात्री किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून लोक शाळांमध्ये हलवत होते. मी पावसात फिरत होतो. एका घरातून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चौघे जण चादरीची झोळी करून नेत होते. शेजाऱ्यांना आठवलं म्हणून. पंचायतीच्या माणसाकडे घरांची यादी होती, पण कुठल्या घरात चालता न येणारा माणूस आहे, कुठे ऐकू न येणारा आहे, हे त्या कागदावर नव्हतं. भोंगा वाजवून सूचना देत गाडी फिरत होती. भोंगा त्या कोळणीला कसा ऐकू जाणार? मी नंतर पंधरा दिवस बातम्या दिल्या. किती सुपारी-नारळ पडले, किती पत्रे उडाले, किती खांब. हे लिहिलं नाही.

२०१६ च्या याच कायद्याच्या कलम ८ मध्ये म्हटलंय की, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळेल अशा पद्धतीने कळवायचं. निसर्गनंतर तौक्ते आलं, मग तळिये, मग इर्शाळवाडी. आपला जिल्हा दर पावसाळ्यात परीक्षा देतो. ही नोंद गावनिहाय मिळावी म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी टाकतो. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकेन.

मी हे सगळं चहाच्या टपरीवर बोलत होतो तेव्हा एक जण म्हणाला, "असे लोक गावात किती? चार-पाच. त्यांच्यासाठी एवढं?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदवले गेले, आणि ती मोजणी जुन्या, थोड्या प्रकारांची. पण आकडे जाऊ द्या. आमच्या गावात ते चार-पाचच दिसतात, कारण बाकीचे उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. आणि माझी आई बहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत, तिच्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही. ती त्याच चार पायऱ्यांखाली उभी राहून घरपट्टी भरायला मला वर पाठवते. टपरीवरच्या त्या गृहस्थांच्या वडिलांना गेल्या दिवाळीत अर्धांगवायू झाला. हे मी तिथे बोललो नाही. त्यांचं त्यांनाच आठवलं असावं, कारण ते गप्प झाले आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनी दिले.

आता पुढचं. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. आमच्याकडे ग्रामसभा पंचायतीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होते. मी आणि माझा मित्र दोघांच्या सहीने अर्ज देतोय. एक, ही सभा शाळेच्या पटांगणात घ्या. दोन, पंचायतीच्या रॅम्पचा ठराव विषयपत्रिकेवर घ्या, २६ फुटांच्या मापासकट. तीन, पाच टक्के निधीचा मागच्या तीन वर्षांचा हिशेब वाचून दाखवा. सरपंचांशी बोललो. "बघू, चांगली कल्पना आहे," म्हणाले. मी त्यांना सांगितलंय की हे वाक्य मी लिहिणार आहे.

तुमच्या गावात काय आहे ते तुम्ही बघा. पंचायत, तलाठी कार्यालय, बँक, दवाखाना, एटीएम. टेप लावून पायऱ्यांची उंची मोजा, फोटो काढा आणि मला पाठवा. गावाचं नाव टाकायचं की नाही ते तुम्ही सांगा.

कुणी विचारायच्या आधी सांगतो, माझं स्वतःचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, सतरा पायऱ्या, अरुंद जिना, लिफ्ट नाही. वीस वर्षांत माझा मित्र तिथे एकदाही आलेला नाही, आणि मी त्याला "ये की कधीतरी ऑफिसला" असं किती वेळा म्हटलंय. जागा भाड्याची आहे, लगेच बदलणं परवडणारं नाही. या शनिवारपासून दर शनिवारी सकाळी दहा ते एक मी खालच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसणार. दुकानदाराशी बोलणं झालंय. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनी तिथे या, बातमी असो, तक्रार असो, नाहीतर नुसत्या गप्पा.

पहिल्या शनिवारी मित्र येतो म्हणालाय. उधारी घेऊन ठेव, असंही म्हणालाय.